चौथ्या मजल्यावर दूध उतू गेलं

प्रिय टीव्हीवाल्या,

तू माझा सख्खा धाकटा भाऊ, तरी सगळ्या गल्लीसारखी मीही तुला याच नावानं हाक मारते, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. तुझी गोष्ट चार लोकांना सांगायला बसलेय. तू सांगायला लागलास की तिला शेपूट फुटतं, म्हणून गप्प बैस आणि ऐक.

तर टीव्हीवाल्यानं उभा जन्म लोकांचे टीव्ही उघडण्यात घालवला. तरुणपणी त्याच्या दुकानात कोणीतरी घरगुती कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला आणि न्यायला फिरकलाच नाही. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, कॅसेट किंचाळायची आणि त्या किंचाळण्यातून पडद्यावर खेळ उतरायचा. टीव्हीवाला खुळावला. त्यानं स्वतःच एक खेळ रचला आणि कॅसेटवर भरून ठेवला. एक माणूस मजल्यामागून मजले चढत गच्चीवरचा अँटेना फिरवायला निघतो, वाटेत कबुतरं डोक्यावर झेपावतात आणि खालून बायकोचे शब्द पडद्यावर उमटतात: 'आलं! गेलं! आलं होतं, गेलं!'

पुढे कॉम्प्युटर मेला, कॅसेट हरवली, उरली नुसती बढाई. पाहुणे आले की तो सुरू करायचा आणि बायको आतून ओरडायची, "ह्यांच्या थापांना माना डोलावू नका हो! खेळबीळ काही नव्हता. मी घरातच होते ना!"

घरचाच साक्षीदार उलटलेला. पाठीमागे जावईसुद्धा त्याला 'थापाडे सासरे' म्हणायचा. ते टीव्हीवाल्याच्या कानावर आलं होतं. हसण्यावारी न्यायचा, पण आतून झोंबायचं. मरायच्या आधी एकदा तरी तो खेळ चालू करून दाखवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

माळा आवरताना कॅसेट सापडली. जावयानं गंमत बघायला म्हणून संग्रहालयातल्या बाईंना बोलावलं. विसरलेले जुने खेळ शोधायचे आणि त्यांचा इतिहास लोकांपुढे मांडायचा, हेच त्यांचं काम. त्या तसलाच जुना कॉम्प्युटर काखोटीला मारून आल्या. कॅसेट लावली. किंचाळली आणि अर्ध्यात अडकली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच.

"खराब झाली असेल," बाई म्हणाल्या.

"किंवा मुळात कोरीच असेल," जावई म्हणाला.

टीव्हीवाल्याचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "थांबा, नुसती ऐकून बघू." कॅसेट किंचाळत राहिली आणि मध्येच एक तरुण, खणखणीत आवाज आला, "अहो, बंद करा तो भोंगा! दूध उतू गेलं तुमच्या खेळापायी!"

सगळ्यांनी वळून माझ्या भावजयीकडे पाहिलं. या शहाण्यानं त्या काळी स्वयंपाकघरात दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कॅसेटची नक्कल केली होती. खेळाबरोबर घरातलं बोलणंही टेपवर भरलं गेलं.

"कोणाचा गं आवाज?" टीव्हीवाल्यानं साळसूदपणे विचारलं.

"असेल कोणाचा तरी. माझा एवढा चिरका नव्हता."

"'तुमच्या खेळापायी'," टीव्हीवाला एकेक शब्द चघळत म्हणाला. "बाई, परत लावा जरा. जावईबापू, इकडे या, मशिनजवळ बसा. नीट ऐकू येतं."

जावई चहा टाकायच्या निमित्तानं आत सटकला.

बाईंनी खेळ बराचसा सोडवून काढला. फक्त चौथा मजला तेवढा भावजयीच्या आवाजाखाली गेला. आता तो खेळ संग्रहालयात टीव्हीवाल्याच्या नावासकट मांडलाय. माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचतो आणि तिथेच थिजतो. पोरं त्याच्यावर ओरडतात. भावजय शेजारी उभी राहून येईल त्याला सांगते, "कॅसेट भरायला मीच होते ना ह्यांच्या मदतीला!"

चौथा मजला नव्यानं लिहायचा राहिला. कबुतरांच्या झेपेचं गणित तू विसरलास, म्हणून म्हणालास, "ताई, तू जन्मभर गणित शिकवलंस, एकदा बसू या." मी कागद काढले, पेन्सिली तासल्या. तू आलास, दुधाची गोष्ट पहिल्यापासून सांगितलीस, चहा प्यायलास आणि चपला घालून गेलास. कागद अजून टेबलावर कोरेच पडलेत.