पंडितचं जुनं मशीन

शिंदखेड्याच्या आसपासच्या बांधांवर झुलाल आणि पंडित यांनी बारा वर्षं एकच करवत ओढली. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. मग पंडितने पेट्रोलवर चालणारं चेन सॉ मशीन घेतलं आणि करवतीचं दुसरं टोक रिकामं झालं. दोघांना दिवस घालवायला लावणारी बाभूळ पंडित एकटाच सकाळच्या चहाआधी आडवी करू लागला. गावोगावचे शेतकरी त्यालाच बोलावू लागले. लांबून मशीनचा आवाज आला की झुलाल हातातला घास ताटात परत ठेवी. झाड कुठल्या बाजूला पाडायचं हे आजवर मीच ठरवलं, असं तो बायकोला, सुलक्षणाला, पुन्हापुन्हा सांगे. ते खरंही होतं.

यंदा पंडितने नवंकोरं मशीन आणलं आणि जुनं भिकमचंद शेठच्या हार्डवेअरच्या दुकानात बदल्यात दिलं. जुनं मशीन स्वस्तात देतो, बघून जा, असा शेठने झुलालला निरोप धाडला.

झुलाल गेला. हँडलवर लाल रंगात 'पं' लिहिलेलं पाहूनच त्याचं डोकं फिरलं. ह्याचं उष्टं आपण उचलायचं? पण मशीन सुरू करायच्या दोरीकडे हात गेलाच. दुसऱ्या झटक्यात मशीन सुरू झालं. "उद्या येतो, शेठ," म्हणून तो निघाला, तो घरापर्यंत स्वतःशीच भांडत. घेतलं तर लोक म्हणणार, पंडितने टाकलेलं आणलं. नाही घेतलं तर दोघांची करवत एकट्याने कशी ओढायची?

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर पंडितच समोर आला.

"झुलाल, ते मशीन इकत लेऊ नको. गरम व्हयनं का चेनले तेल येस नही."

"शेठले सांगं का?"

पंडितने मान खाली घातली. "नही. पन आपन बारा वरीस एक करवत ओढी. तुले सांगनं पडी."

मी बरोबरीला आलो तर पोटात दुखेल ना ह्याच्या, झुलालला वाटलं. तो तडक दुकानात गेला.

शेठने मागच्या अंगणात ओंडका काढून दिला. झुलालने तो कापला आणि चेनला तेल येतं का ते बघायला, चेन फिरते त्या पट्टीचं टोक पुठ्ठ्यावर धरून मशीन रेस केलं. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली. पंडित खोटारडा! झुलालला इतका आनंद झाला की त्याने आणखी दोन ओंडके कापले. मग पुन्हा पुठ्ठा धरला. पुठ्ठा कोराच राहिला. पट्टीतून धूर निघत होता.

पंडित खोटा ठरला असता तर बरं झालं असतं. आता त्याच्यावर रागावायचीही सोय उरली नाही.

"तेलाचा पंप नवा बसवून द्या, तरच नेतो," तो शेठला म्हणाला. शेठने कुरकुर केली, पण बसवून दिला.

घरी त्याने नव्या पंपाचं सांगितल्यावर सुलक्षणाने विचारलं, "हाई खोट तुमले कोनी सांगी?"

"कोनी सांगाले कशाले पाहिजे? मीच वळखी."

मशीन चांगलं चाललं. कामं येऊ लागली. चहाच्या टपरीवर झुलाल खोट पकडल्याची गोष्ट रंगवून सांगू लागला. एकदा सांगता सांगता त्याला कोपऱ्यात बसलेला पंडित दिसला. पंडितने सगळं ऐकलं, चहा संपवला, आणि आपलं नवं मशीन खांद्यावर टाकून निघून गेला. झुलाल त्याच्याकडे नाही, त्या नव्या मशीनकडेच बघत राहिला.