तीन हळदी आणि पिवळे कोश

माझ्या अंगाला आजवर तीनदा हळद लागली आहे. लग्न मात्र एकदाच झालं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हातकणंगल्याजवळच्या आमच्या मळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उसाला फाटा देऊन तुती लावली आणि शेडमध्ये रेशीमकिडे पाळले. पहिलंच पीक, आणि नेमकं त्यातच माझं लग्न! शेवटच्या टप्प्यातल्या अळ्या रात्रंदिवस पाला खातात. त्यांना लग्नाचं काय? घरचे सगळे व्हिडिओ शूटिंगसमोर नाचत होते आणि हळदीनं माखलेला नवरदेव (मीच!) शेडमध्ये पाला टाकत होता.

माझी बायको वैशाली शिवाजी पेठेतली, बीएस्सी झालेली. ती घरात आली आणि किड्यांनी कोश विणले. पांढरे यायचे ते पिवळेधमक!

"कोशास्नी कावीळ झाली!" आत्ती ओरडली. (आबांची थोरली बहीण. तिच्या हाकेला एसटीसुद्धा थांबते.) "नवी सून आली आन् पीक नासलं. पायगुण, दुसरं काय!"

स्वयंपाकघराच्या दारात वैशालीचे डोळे भरले. मला ते बघवेना. तोंडाला येईल ते बोललो, "तिचा काय संबंध? माझ्या हाताची हळद पाल्याला लागली, ती किड्यांनी खाल्ली!"

आत्ती माझ्यावर तुटून पडली. आबांनी बोलणं टाकलं. पण वैशाली त्या दिवशी पोटभर जेवली, मला तेवढं पुरे होतं.

मग कर्नाटकातला व्यापारी आला. कोश हातात घोळवत म्हणाला, "पावणं, झ्याक माल हाय की! पुढच्या खेपंलाबी असलाच पिवळा पायजे बघा."

झालं! पुढच्या पिकाला मला अंगणात पाटावर बसवून आत्तीनं हळद चोळली. शेजारणी गाणी म्हणायला जमल्या. ("दुसरी करतोय काय वो?" रस्त्यावरून एकानं विचारलंही!) पिवळ्या हातांनी पाला टाकला. कोश आले पांढरेशुभ्र.

"हळद कमी पडली," आत्ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी माझ्या कानाच्या पाळ्याही सुटल्या नाहीत. कोश पुन्हा पांढरेच!

न्हाणीत माझी पाठ घासताना वैशाली हळूच म्हणाली, "अवो, हळदीनं काय हुत न्हाय. पिवळा रंग तुतीच्या पाल्यातच असतोय. पिवळ्या जातीच्या अळीच्या आतड्यातनं त्यो रक्तात उतरतोय, आन् रक्तातनं रेशमात. पांढऱ्या जातीला त्यो रक्तात घेताच येत न्हाय, लेंड्यांतनं जातोय. पयल्यांदा अंडीच पिवळ्या जातीची आलती."

"तुला कधीपासनं ठावं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझ्यासाठी खोटं बोललासा तुम्ही. चारचौघांत तुम्हास्नी खोटं कसं पाडायचं?"

मी वळून तिच्याकडे बघितलं. "पण म्हणून दोनदा हळद लावू दिलीस?"

"लग्नातली तुमची हळद मला बघाय मिळाली नव्हती की!"

चौथ्या वेळी मी गुपचूप पिवळ्या जातीची अंडी आणली. आत्तीनं मला शेडच्या दारातच अडवलं. "तुझ्या हळदीत दम न्हाय. सुनंला पाला टाकू दे."

वैशालीनं पाला टाकला आणि कोश पिवळेधमक आले! आत्ती गावभर सांगत सुटली, "पायगुण बघा सुनंचा!"

मला खरं सांगायची फार इच्छा झाली. पण वैशाली दारात उभी राहून अशी हसत होती, की मी अजून पिवळेच राहिलेले कान घासायला न्हाणीत निघून गेलो.