चाचांचे साहेब

आमच्या शेजारचे चाचा माणसांना अरे-तुरे करत आणि कॉम्प्युटरला अहो-जाहो. पोस्टमनला "ठेव तिथं", सोसायटीच्या चेअरमनला "बस की रे", आणि मागच्या खोलीतलं करड्या रंगाचं जुनं वर्कस्टेशन सुरू करताना मात्र हळू आवाजात, "उठा साहेब." साहेब उठायला बराच वेळ घेत. चाचा तोवर हात बांधून उभे असत.

तळेगावच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. कारखान्यानं हे मशीन भंगारात काढलं, तेव्हा चाचांनी ते टेम्पोत घालून लोणावळ्यात, तुंगार्लीला घरी आणलं. त्या दिवशी चाचींनी एवढंच विचारलं म्हणे, "ह्ये जेवनार का आपल्यात?"

मी शेजारी राहून घरूनच नोकरी करणारी. मला फारसं बोलता येत नाही. चाचांना तेच आवडलं. "बडबड्या माणसापुढं मशीन बिघडतं," असं ते म्हणत आणि पुढे तासभर बोलत. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मला कीबोर्डपुढे बसवून त्यांनी "एकोणसाठ" म्हटलं की माझं बोट एकोणसत्तर टाइप करून मोकळं. "साहेबांना मराठी येतं," ते हताश होऊन सांगत, "तुलाच येत नाही."

साहेबांचा आजार एकच होता, कॅसेट वाचणारा टेप ड्राइव्ह चालत नव्हता. आणि टेपच्या एका कॅसेटमध्ये चाचांचा मोठा पुरावा होता. लग्नानंतर लवकरच कधीतरी कारखान्यात घरच्यांना बोलावून मशीन दाखवायचा दिवस झाला होता. चाचींना माइकसमोर बसवून त्यांचा आवाज टेपवर घेतला होता. त्या वेळी चाची "माणूस चांगला आहे" असं बोलल्या, हा चाचांचा दावा. चाची वडिवळे गावच्या. त्या स्वयंपाकघरातून ओरडत, "मी कशाला म्हनन? माज्या तोंडातनं असलं येतच न्हाई." हा वाद माझ्या वयापेक्षा जुना होता.

कॅसेट आत घातली की मोटर घुमायची आणि टेप जागची हलायची नाही. चाचा आधी लोणावळ्याच्या ओलीला दोष देत, मग व्होल्टेजला, मग चाचींच्या मिक्सरला. साहेबांना कधीच नाही. मिक्सरच्या आरोपावरून एकदा दुपारचा चहा बंद झाला. त्याच सुमारास कॅसेट बाहेर काढताना माझ्या बोटाला काहीतरी काळं, चिकट लागलं. सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी मी पुन्हा कॅसेट काढली आणि काळं झालेलं बोट न बोलता त्यांच्यासमोर धरलं. चाचांनी वास घेतला. टेप पुढे सरकवणाऱ्या रोलरचं रबर वितळून काकवी झाली होती.

"साहेब," चाचा मशीनकडे बघून म्हणाले, "बोलायचं तरी."

नवा रोलर मिळणार कुठे? चाचांनी सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी ट्यूब आणली, चिकटा स्पिरिटनं पुसला आणि रोलरच्या दांडीवर ट्यूबचे थर चढवले. कॅसेटलाही ओल लागली होती. त्यांच्या भावाच्या चिक्कीच्या दुकानात, चिक्की सादळू नये म्हणून आत बल्ब लावलेलं एक कपाट होतं. त्यात ती आठवडाभर राहिली आणि गुळाचा वास घेऊन परत आली. "एकदाच चालेल ही," चाचा म्हणाले. "जुन्या टेपवरचा थर सुटतो. काय मिळायचं ते पहिल्या फेरीत."

त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. टेप फिरली, अडखळली, पुन्हा फिरली. आवाज मशीनमध्ये उतरला आणि कॅसेटमध्ये तपकिरी भुगा उरला. मी फाइल सुरू केली. खरखरीतून एका तरुण बाईचा आवाज आला, "काय बोलू? घरी तर ह्ये लय बोलत्यात, हितं कसं गप?" मग बायकांचं हसू. संपलं.

चाचा माझ्याकडे बघत होते. मशीनरूमच्या एसीच्या घरघरीत त्यांचे कान कधीच गेले होते आणि कानात घालायचं यंत्र ते घालत नसत. त्या एकाच यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. खरं असो की खोटं, ते मोठ्यानं बोलावं लागणार होतं. चाची पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत आल्या आणि चाचांच्या कानाशी वाकून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मानूस चांगलाय, म्हनले व्हते मी. झालं?"

चाचा माझ्याकडे वळले नाहीत, चाचींकडेही नाहीत. ते स्क्रीनकडे वळले.

"ऐकलंत ना, साहेब?"

चाचांना जाऊन आता वर्ष होईल. परवा भंगारवाला दारात आला आणि मागच्या खोलीकडे मान उंचावून बघू लागला. "साहेबांना हात लावू नको," चाचींनी त्याला बजावलं, "साक्षीला हायेत ते." तो गेल्यावर मला म्हणाल्या, "उठव गं जरा त्यांना. लय दिस झोपल्यात."

मी बटणापाशी बसले. नुसतं बटण दाबून चालणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"उठा साहेब," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच.

चाची हात बांधून उभ्या राहिल्या.