नवव्या ओळीची तूर

आमच्या कामरगावच्या शेतात कपाशीच्या आठ ओळी झाल्या की नववी तुरीची. बियाणं हाताने टोबायचं. बायकांच्या पुढे माझी माय. ओच्यात एका बाजूला सरकी, दुसऱ्या बाजूला तूर. ओळी ती मनातच मोजायची आणि नववी आली की मागे न पाहता ओरडायची, "तूर घ्या वं!"

यंदा उगवण झाली आणि शेजारी बांधावरूनच म्हणाला, "काय भाऊ, तुरीले लागून तूर! दाळमिल टाकता काय?"

मी ओळी मोजल्या. पाच कपाशीच्या, मग तूर, लगेच पुन्हा तूर, पुढे अकरा कपाशीच्या. घरीही माय तेच ते विचारायची, तेव्हा वयाचं म्हणून सगळे हसायचे. आता ते उत्तर मला पटेना. वय झालं तर हात हळू चालेल. आठाचा नियमच कसा जाईल?

तिला बांधावर नेलं.

"कोणं टोबलं हे येड्यावानी?"

"माय, तूच."

ती बोट दाखवत मोजू लागली. पाचावर अडली, पुन्हा पहिलीपासून धरलं. मग म्हणाली, "आता दवाखान्यात नेशील अन् मले घरी बसवशील. व्हय ना?"

"डॉक्टर काय म्हणते ते तूच आयक."

"मीच विचारीन त्याले!"

बी न उगवलेल्या जागा, म्हणजे नांग्या, त्याच आठवड्यात भरायच्या होत्या. म्हणून दुसऱ्या दिवशीच पहिल्या गाडीने वाशीम. नवं पातळ नेसून ती माझ्याआधी फाट्यावर हजर!

डॉक्टरांनी तिला वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. टेबलाखाली मी बोटं मोजत होतो. तिला दोनच शब्द आठवले.

"अल्झायमरची सुरुवात असू शकते," ते म्हणाले. "पण थायरॉइडनं, बी-बारा कमी झाल्यानंही असं होतं. आधी तपासण्या करू. लवकर आणलंत, हे बरं केलंत."

"ते राहू द्या," माय मध्येच म्हणाली. "मी वावरात जाऊ का घरी बसू?"

डॉक्टर हसले. "जा. रोजचं काम सोडू नका. सोबत मात्र कुणीतरी पाहिजे."

"आयकलं काय रे?" ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेरचे लोक डोकावले.

पुढे तपासण्यांत अल्झायमरच निघाला. तो बरा होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या सुरू आहेत. पण त्या दिवशी वाशीमहून परतताना मी बसमध्ये नांग्यांचाच विचार करत होतो. सरकी मायकडे, तूर बायकोकडे, आणि दर नवव्या ओळीच्या डोक्याला एक काठी.

सकाळी वावरात काठ्या रोवल्या, चुकलेल्या ओळी उपटल्या. माय पुढे निघाली.

"सूनबाई, हात उचल! इथंच दुपार करतं काय?"

"तुमीच पळून राह्यल्या, आत्याबाई!"

आठवी ओळ संपली. माझ्या तोंडात शब्द आला होता, तो मी गिळला. माय थांबली. पहिल्यांदाच मागे वळली, काठी पाहिली, आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"तूर घ्या वं!"