गाभण पुलाच्या पोटात

भाऊ गेल्याचा निरोप सिंदेवाहीला आला तेव्हा मी शाळेत मुलींना शिकवत होते. तापानं गेला. घरी पोचले तर अंगणात माणसं बसली होती आणि त्यातला एक शहाणा म्हणत होता, "बिचाऱ्याचे कान गेले, पन पूल मजबूत करून गेला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिना उलटला, अजून उतरलेली नाही.

माजरीकडून कोळशाच्या आगगाड्या येतात, त्या वाटेवरचा हा पूल. इतर पुलांच्या तुळया सरळ असतात. याच्या दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये खाली पोट सुटलेल्या आणि आतून पोकळ. गाव त्याला गाभण पूल म्हणायचं. गाड्या जड झाल्या तेव्हा त्या पोटाला जाड पत्रे जोडून पूल बळकट करायचं निघालं, आणि माझा थोरला भाऊ दौलत, अंगानं काटकुळा म्हणून, आत शिरायला निवडला गेला. पत्रा जोडायला बाहेरचा गडी लालभडक रिबिटावर, म्हणजे जाड खिळ्यावर, घण घाली, आतल्यानं लोखंडी ठोकळा रेटून धरायचा. संध्याकाळी आई विचारायची, "काऊन रे, बाळंत झाली का तुही म्हैस?" तो हसायचा. पुढे पुढे तिला तेच दोनदा विचारावं लागायला लागलं...

आमच्या शेतात कापूस पिकतो. घणाचा दणका आत घुमतो म्हणून भावानं त्याचे बोळे कानात घातले, तर ठेकेदाराच्या मुकादमानं ते उपटून नदीत फेकले. "कापूस नाई घालाचा. गाडीची शिट्टी कशी आयकू येईन तुले?" गाडीआधी बाहेर निघायला हवं, हे खरंच. पण भावाच्या कमरेला दोरी बांधून, गाडी आली की ती ओढायला बाहेर एक माणूस बसवला असता तर काय बिघडलं असतं? भाऊ तेही बोलला होता. मुकादम म्हणाला, बसायला माणसं नाहीत.

काम सरत आलं आणि एके दिवशी भावाला शिट्टी ऐकूच आली नाही. अख्खी गाडी डोक्यावरून गेली, तो आतच. जीव वाचला, उरलंसुरलं ऐकणं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमानं त्याला कामावरून काढलं. कारण काय, तर याला शिट्टी ऐकू येत नाही!

मला भावाचाही राग येतो. त्यानं कधी कुणाला शिवी हासडली नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं पूल दाखवायला न्यायचा. घरी मधल्या खांबाला तळवा लावून बसायचा, आणि थरथर लागली की सगळ्यांना दचकवत म्हणायचा, "आली." आपण ओरडतोय हे त्याला कुठलं कळायला...

त्याच्यामागं दिवा ठेवला होता. वाती वळायला वहिनीनं कापूस पुढं केला, घरच्याच शेतातला. मी वळत बसले, पण हातून वाती होईनात. दोन बोळे झाले, कानाच्या मापाचे. वहिनीनं ते पाहिले, उचलले आणि खांबाजवळच्या कोनाड्यात ठेवले. अजून तिथंच आहेत.