गोल्फ, उसण आणि पायाळू मित्र

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. आज क्लिनिक उघडतेय तोवर एका साठीच्या काकांना त्यांच्या दोघा मित्रांनी धरून आत आणलं. गाडीतून उतरून थेट गोल्फ खेळायला उभे राहिलेले. पहिलाच फटका जोरात मारला आणि कंबर धरून खाली बसले.

"आधी अंग मोकळं केलं होतं का?"

"गोल्फला काय करायचं डॉक्टर? काठी तर फिरवायची. चारचौघांत हातपाय झटकत बसू का? तरुणपणी तालमीत होतो मी."

"तालमीत जोर-बैठका न मारता मातीत उतरला असता तर?"

"वस्तादांनी कानाखाली काढली असती की."

म्हणजे कळत सगळं होतं. पण पुढचं ऐकून मी हबकलेच. उसण भरली म्हणून मित्रांनी यांना तिथंच गवतावर पालथं झोपवलं आणि त्यातल्या एका पायाळूनं कंबरेवर पाय दिला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय लागला की उसण जाते म्हणे.

मी काकांना डाव्या पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं. त्यांनी दात-ओठ खाल्ले, पण अंगठा हलला नाही. कंबरेत नस दबल्याची ही खूण, म्हणून लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

जाताना एक मित्र पुटपुटला, "मी हळूच दिलता की पाय."

चारचौघांत अंग गरम करायला यांना लाज वाटते. मित्राच्या कंबरेवर पाय द्यायला वाटत नाही.

तुमच्या ग्रुपात कोण आहे असा पायाळू?