सलूनच्या खुर्चीतलं लँडिंग

तिला घरात सगळे कॅप्टनच म्हणायचे. सासूबाईसुद्धा, फक्त त्यांच्या तोंडी त्या शब्दाला जरा धार असायची. "कॅप्टन, दूध उतू गेलं बरं का."

बारा वर्षं तिनं दीड-दोनशे माणसांची जेट विमानं उडवली होती. मग तिची कंपनी बुडाली, आणि त्याच सुमारास नवऱ्याच्या मावशीनं परदेशातलं आपलं चालतं सलून त्याच्या हवाली केलं. बिऱ्हाड हललं. नवऱ्याच्या कात्रीला कुणी काही विचारलं नाही. आल्या आठवड्यातच तो लोकांची डोकी भादरायला लागला. तिला मात्र विमान खात्याच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, की परवाना अगदी खणखणीत आहे, पण इथं चालणार नाही. वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, मग परीक्षकाबरोबर प्रत्यक्ष उड्डाण.

"हवा तर तीच आहे ना हो?" तिनं विचारलं.

"हवा तीच. कायदा वेगळा," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

सलूनच्या मागच्या खोलीत, ओल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी तिचा अभ्यास सुरू झाला. विमानाच्या इंजिनानं कधी तिचं डोकं उठलं नव्हतं, ते केस वाळवायच्या यंत्रानं उठवलं. कायद्याच्या पेपरात तिनं भराभर, सवयीनं उत्तरं लिहिली, आणि सवय नापास झाली. सासूबाईंनी ही बातमी इतक्या मायेनं पसरवली, की तोंडाला फेस लावून बसलेली गिऱ्हाइकंही तिचं सांत्वन करू लागली.

"होईल हो मॅडम. माझा भाचा गाडीच्या परीक्षेत चारदा नापास झाला."

दुसऱ्या खेपेला कायदा सुटला. आता उड्डाण. विमान चार खुर्च्यांचं, दोन इंजिनांचं. परीक्षकानं वर गेल्यावर एक इंजिन जवळजवळ बंदच केलं. तिनं ते असं सांभाळलं, की तो मागे टेकून निवांत बसला. तिथंच त्याचं चुकलं. मोठ्या विमानात वैमानिक बसतो घराच्या दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर. उतरताना त्याच अंदाजानं तिनं विमानाचं नाक फार आधी उचललं. ते चिमुकलं विमान अधांतरी जरा थबकलं, धपकन आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं.

परीक्षकानं चष्मा सरळ केला. "मॅडम, तुमचं जुनं विमान केवढं होतं?"

"बरंच मोठं."

"ते अजून तुमच्या बुडाखाली आहे. ह्यात तुम्ही जमिनीपासून फार तर दोन हात वर असता. बाकी उत्तम. लँडिंगपुरतं पुन्हा या."

संध्याकाळी तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही, पण त्याला ते जड गेलं. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं तिला खुर्चीत बसवलं आणि पायानं दांडा दाबून खुर्ची तळाला नेली.

"समोरच्या भिंतीकडे बघ. आता खाली."

"जमीन इतकी जवळ?"

"रोज इतकीच असते."

त्यानं खुर्ची पुन्हा वर नेली, पुन्हा सोडली. ती भिंतीवर नजर लावून डोळ्यांना ती उंची शिकवत राहिली. सासूबाई झाडू घेऊन आल्या. "कॅप्टन, विमान उतरलं असेल तर पाय वर घे. केस गोळा करायचेत."

पुढच्या खेपेला चाकं टेकली हे परीक्षकाला नुसत्या आवाजावरूनच कळलं, धक्का बसलाच नाही. परवाना मिळाला. जेटवाल्या कंपन्या म्हणाल्या, आधी इथल्या आकाशातला अनुभव आणा. एका लहान मालवाहू कंपनीनं तिला घेतलं. पहिल्या फेरीचा माल होता भोकांच्या खोक्यांतली, नुकती अंड्यातून आलेली कोंबडीची पिल्लं. त्यांना ऊब लागते, म्हणून विमान गरम ठेवलेलं, आणि कॅप्टन घामानं निथळत होती. सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "नमस्कार, मी तुमची कॅप्टन..." अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं. पण आता सुरू केलंच आहे, तर तिनं उतरायच्या गावचं हवामानही सांगून टाकलं. मागं चिवचिवाट चालूच होता.

रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, "किती प्रवासी होते?"

"तीन हजार," ती म्हणाली.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला कळू लागलं, की आमची कॅप्टन एका फेरीत तीन हजार माणसं नेते.

"एवढं मोठं विमान कुठलं हो?" एका गिऱ्हाइकानं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं त्याची मान हलकेच पुढे वाकवली आणि मशीन सुरू केलं.